सातव्या विहिरीआधी

मालनबाईला कुत्रं चावलं तेव्हा तिला डॉक्टर आठवला नाही, देवही आठवला नाही. आठवल्या त्या विहिरी.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. धुकं असं उतरलं होतं की मोहन्यातली घरं, खांब, उभे टेम्पो सगळं कुणीतरी ओल्या फडक्याने अर्धवट पुसून ठेवल्यासारखं दिसत होतं. महालक्ष्मीच्या कलशात पाच झाडांच्या डहाळ्या लागतात. आंबा, पेरू, चाफा, सीताफळ अशा चार झाल्या होत्या आणि पाचवीसाठी मालनबाई जुन्या कंपनीच्या भिंतीकडेच्या उंबराखाली टाचा उंचावून उभी होती. धुक्यातून एक कुत्रं आलं. रोजचं नव्हे. रोजची सगळी तिला नावानिशी ठाऊक होती: बुंदी, लंगडा आणि उगाच सगळ्यांवर डाफरणारा सरपंच. हे तांबडं होतं, परकं होतं. तोंड उघडं, लाळ गळती आणि चाल झोपेत चालणाऱ्या माणसाची. भुंकलं नाही की गुरगुरलं नाही. तिच्या पोटरीत दात रुतवले आणि आलं तसं धुक्यात निघून गेलं. मालनबाईच्या हातची डहाळी मात्र सुटली नाही.

घरी येऊन तिने आधी कलश मांडला, हळदकुंकू वाहिलं आणि मग मोरीत बसून जखमेवर लाल तिखट आणि चुना चेपला. देवीचं आधी, पायाचं नंतर. सत्तरी ओलांडलेल्या बाईला क्रम कोण शिकवणार?

सून विनिता कामावर जायला निघाली होती. ती ठाण्याला, नौपाड्यातल्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. मुलगा सुशांत जहाजावर होता, सासरे महिपत जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात सासू-सून दोघीच, आणि दोघींचं छान चाललं होतं, म्हणजे रोज भांडण होत होतं.

"आई, पायाला काय लावलंय?"

"काय न्हाई गं. कुत्रं."

विनिताने पर्स टाकली, सासूला दंडाला धरून पुन्हा मोरीत बसवलं, नळ सोडला आणि साबणाने पाय धुवायला लागली. तिखट आणि चुना निघाला, खाली दातांच्या खोल खुणा दिसल्या. मालनबाई ओरडत होती, "आगं, साल काडतीस का काय!" विनिता ऐकेना. एका हाताने पाय चोळत दुसऱ्या हाताने तिने आपल्या डॉक्टर कल्पितांना फोन लावला. पलीकडून बाई शांतपणे म्हणाल्या, "पाव तास तरी धुत राहा. पट्टी बांधू नका. लस आणि जखमेत द्यायचं औषध मी मागवून ठेवते. तुमच्या जवळच्या हॉस्पिटलला गेलात तरी चालेल, पण आजच जा. उद्या नाही."

"चला आई, इथेच कोपऱ्यावर आहे हॉस्पिटल."

"न्हाई," मालनबाई पाय पुसत म्हणाली. "आदी सात विहिरी."

तिचं माहेर माणदेशातलं. तिथली रीत अशी की कुत्रं चावलं तर सात विहिरींत डोकवायचं. प्रत्येक विहिरीत उडदाचा एक दाणा टाकायचा आणि पाणी स्थिर होईस्तोवर थांबून त्यात आपलं तोंड पाहायचं. आपलं दिसलं तर पुढे जायचं. आपल्या जागी कुत्र्याचं दिसलं तर मग पुढे जाण्यात काही अर्थ नाही. आणि सातवी होईपर्यंत अंगाला लोखंड लावायचं नाही. ना विळी, ना कात्री, ना सुई.

"आई, इंजेक्शनची सुई लोखंडाची नसते. स्टीलची असते."

"मग स्टील काय आबाळातनं पडतं व्हय?"

विनिताने आधी समजावून पाहिलं, मग ओरडली, मग रडली. सुशांतला फोन लावला तर तो भर समुद्रात, रेंज नाही. सासूला ओढून न्यावं तर सासू म्हणजे काही गॅसचा सिलिंडर नव्हे. आणि मालनबाईच्या तोंडावर आज नेहमीचा हट्टही नव्हता. ती घाबरलेली होती. सुईला घाबरावी तशी नाही, दुसऱ्याच कशाला तरी, फार जुन्या कशाला तरी घाबरलेली. ते विनिताला दिसलं, पण कळलं नाही.

शेवटी ती म्हणाली, "बरं. विहिरी बघू. पण मी म्हणेन त्या वाटेने, आजच्या आज, आणि सातवी झाली की त्या क्षणी सुई. कबूल?"

"कबूल."

विनिताचा हिशोब साधा होता. मोहन्याहून निघायचं ते नौपाड्याच्या दिशेनेच, म्हणजे प्रत्येक विहीर सासूला दवाखान्याच्या थोडं जवळ नेईल. सातवी तर तिने ठरवूनच ठेवली. दवाखान्याच्या इमारतीमागे एक जुनी दगडी विहीर होती, तिच्या काठावर बसून ती पूर्वी डबा खायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा होता खरा, पण कळसा काखेतून उतरायलाच तयार नसेल तर माणसाने करावं काय?

शेजारचा रत्नदीप रिक्षा चालवायचा. त्याला बोलावलं. सगळं ऐकून त्याने डोकं खाजवलं. "विहिरी? मावशी, टेन्शन नका घेऊ. टँकरवाले आहेत ना आपले दोस्त. त्यांना सगळ्या विहिरी तोंडपाठ." आणि खरंच, दोन फोन लावून त्याने वाट आखून घेतली.

पदराच्या गाठीत सात दाणे बांधून मालनबाई रिक्षात बसली. उपास होता, पोटात फक्त चहा. धुकं अजून वितळलं नव्हतं आणि रिक्षा त्यातून अशी चालली होती की रस्ता आहे की नाही ते चाकालाच माहीत.

पहिली विहीर मोहन्यातच, एका आगरी घराच्या आंब्याखाली. घरची म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. "बाव बगाची हाय? बग ना गो माये," ती म्हणाली, आणि कशाला वगैरे काही विचारलं नाही. मालनबाई काठाशी गेली. दाणा टाकला. वलयं उठली, काठाला लागली, परत फिरली. आता कोण दिसेल? वरचं आभाळ थरथरत थरथरत एका जागी आलं आणि त्यात एक सुरकुतलेला, चष्मा लावलेला चेहरा उमटला. आपलाच. तिने असा श्वास सोडला की म्हातारीने तांदळातून मान वर केली.

दुसरी रुळांच्या पलीकडे, गवतात हरवलेली. तिथे पाणी खोल होतं, काळं होतं. चेहरा उमटायला वेळ लागला आणि उमटला तेव्हा मालनबाई जरा चपापली. चष्मा नव्हता. केसांत पांढरं नव्हतं. तोंडावर ती एक तऱ्हेची घाई होती, जी महिपत पहिल्या पाळीला जायचा तेव्हा डबा करताना असायची. "आई, दिसलं का?" मागून विनिता. "दिसलं," ती म्हणाली. काय दिसलं ते सांगितलं नाही.

तिसरी जुन्या कल्याणात, देवळामागे. वर जाळी होती, जाळीवर निर्माल्य. पुजाऱ्याने कुरकुरत जाळी सरकवली. खालच्या पाण्यात नवी नवरी होती, कपाळावर मुंडावळ्यांची खूण अजून ताजी. ही इथे कुठून आली? मालनबाईला हसू आलं. किती घाबरलेली होती ती पोरगी! रेल्वेतून उतरून कल्याणला पहिल्यांदा इतकी माणसं पाहिली तेव्हा तिने नवऱ्याच्या शर्टाचं टोक धरून ठेवलं होतं. उपासाने आलेली चक्कर असेल, उजेडाचा खेळ असेल, पण मालनबाईला ते खोटं वाटलं नाही. विहिरी काही विसरत नसाव्यात, इतकंच तिला वाटलं.

चौथी आणि पाचवी डोंबिवलीत. एक सोसायटीच्या पार्किंगमध्ये. तिथला वॉचमन आधी नाही म्हणाला. मग विनिताने सासूचा पाय दाखवला तेव्हा तो स्वतःच बॅटरी घेऊन आला आणि वर सांगितलं, "ताई, आमच्या गावाकडे एक जण असाच गेला. लवकर डॉक्टरकडे न्या." दुसरी एका बंद गिरणीमागे, पिंपळाने गिळलेली. विनिता सारखी घड्याळाकडे बघत होती. प्रत्येक वेळी रिक्षात बसताना म्हणत होती, "आई, यात विष असेल ना, तर ते आपल्यासाठी थांबणार नाही. ते चढतंच असतं." मालनबाई ऐकत होती, पण कुणीतरी लांबच्या काठावरून हाक मारावी तसं तिला ते ऐकू येत होतं.

सहावी कोपरला, खाडीच्या अंगाला. पाणी वरपर्यंत आलेलं, खारट वासाचं. दाणा पडला आणि वलयं विरायच्या आतच तिला दिसलं. दोन वेण्या घातलेली, बारा-एक वर्षांची पोर. आणि तिच्या खांद्यामागून डोकावणारा, डोक्याचा चकोट केलेला, पुढचा एक दात पडलेला एक मुलगा.

मालनबाई मागे सरली. पाय घसरला. विनिताने झटकन सावरलं.

"काय झालं? काय दिसलं?"

"काय न्हाई. चल. सातवी दाव लौकर."

मोठागावच्या पुलावर रिक्षा चढली तेव्हा धुकं गेलं होतं आणि खाली खाडी लखलखत होती. रत्नदीप आरशातून म्हणाला, "मावशी, हीच सातवी पकडा ना. एवढं पाणी आहे."

"खाडी म्हंजी विहीर न्हवं बाबा. तिला काठ कुटं हाय? काठाशी हुबं राहून बगायचं आसतं." पुढच्या सगळ्या रस्त्यात तिचा हात शेवटच्या दाण्याची गाठ कुरवाळत होता.

नौपाड्यात पोहोचले तेव्हा दुपार कलली होती. विनिता सासूला इमारतीच्या बाजूच्या बोळातून मागे घेऊन गेली आणि जागच्या जागी थांबली.

विहीर नव्हती. म्हणजे होती, पण तिच्यावर गुळगुळीत सिमेंटचा स्लॅब पडला होता. कडेला कुणी तरी तुळशीच्या कुंड्या मांडल्या होत्या. स्लॅबच्या मधोमध पंपाच्या पाइपासाठी ठेवलेलं मुठीएवढं एक भोक, बस्स. विनिताने डबा आत खायला सुरुवात केल्यापासून ती मागे फिरकलीच नव्हती. आता आडातच दिसायचं बंद, तर पोहऱ्यात काय येणार?

"आई, आता पुरे झालं. वर चला. सहा झाल्या, बास."

मालनबाई त्या स्लॅबवर मटकन बसली. "सातवी न्हाई झाली की मानूस मरतं," ती म्हणाली. "मला ठावं हाय. मी मारलंय."

आणि मग, त्या कुंड्यांच्या शेजारी बसून, जे तिने महिपतलाही कधी सांगितलं नव्हतं ते सुनेला सांगितलं.

तिला एक धाकटा भाऊ होता. धोंडिबा. सुगीच्या दिवसांत त्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं. बापाने सहा विहिरी लगोलग दाखवल्या. सातवी त्या साली कोरडी पडली होती. पाऊस आला, तिला पाणी चढलं की बघू, असं ठरलं. जखम भरली, पोर खेळायला लागलं, सगळे विसरले. पाऊस आल्यावर एक दिवस आईला आठवण झाली आणि तिने मालनला पाठवलं, जा, याला दाखवून आण.

"वाटंनं चालंनाच गं नीट. वारं आलं तरी दचकायचा. काठाशी नेलं, म्हनलं बग. त्यानं पान्याकडं बगितलं आन असा वरडला... गळा धरला दोनी हातांनी. मी त्याची मान दाबली खाली. बग म्हनलं, मुडद्या, बग, सातवी हाय. त्याला थुकी गिळता यीना. मग मी बी भ्याले. घरी आले आन आयला सांगितलं, बगितली त्यानं." तिने पदराची गाठ आवळली. "खोटं बोलले. तिसऱ्या दिशी गेला. माज्या खोट्यानं गेला."

विनिताचा सकाळपासूनचा राग कुठल्या कुठे गेला. ती सासूजवळ खाली बसली. ती काही डॉक्टर नव्हती. पण तिच्या काउंटरसमोर भिंतीवर एक तक्ता लावलेला होता आणि पेशंट नसले की ती रोज तोच वाचायची.

"आई, त्या दिवशी सकाळी त्याने पाणी प्यायलं होतं का?"

मालनबाईने डोळे मिटले. साठ वर्षांपलीकडचं ते स्वयंपाकघर, चुलीचा धूर, आईचा आवाज. "तांब्या दिलता त्याला. फेकून दिला. आय रागावली."

"म्हणजे विहिरीपाशी जायच्या आधीच." विनिताने तिचा हात हातात घेतला. "आई, तो आजारच तसा असतो. विष डोक्यात पोचलं की पाण्याची भीती वाटते. पाणी नुसतं दिसलं तरी गळा आवळतो. वारासुद्धा सहन होत नाही. विहिरीत बघितलं नाही म्हणून धोंडिबा गेला नाही. तो चालला होता, म्हणून त्याला विहिरीत बघवेना."

वरच्या खिडकीतून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी आली. एक चिमणी तुळशीत उतरली आणि उडाली.

"बगितलं आसतं तरी?"

"तरी."

"सातशे बगितल्या आसत्या तरी?"

"तरी, आई."

"आन सुई दिली आसती तर? कुत्रं चावलं त्याच दिशी?"

विनिताला क्षणभर वाटलं, नाही म्हणावं. मग तिला वाटलं, या बाईने एका खोट्याचं ओझं साठ वर्षं वागवलंय, तिला आता दुसरं नको. "वाचला असता बहुतेक," ती म्हणाली. "लगेच दिली तरच. पाण्याची भीती सुरू झाल्यावर मग कुणाच्याच हातात काही राहत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार."

मालनबाई रडली. मोठ्याने, पोरीसारखी, पदर तोंडात न कोंबता. विनिताने तिला रडू दिलं. घड्याळाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. कारण तोवर मालनबाई स्वतःच उठली होती.

"वर ने मला."

"सातवी राहिलीय अजून."

"राहू दे. सुई आदी."

डॉक्टर कल्पितांनी जखम पुन्हा धुतली, मग जखमेच्या भोवतीने सुई टोचत औषध भरलं. ते फार दुखतं. मग दंडात लस दिली. मालनबाईने मान फिरवली नाही. डाव्या मुठीत उडदाचा दाणा होता आणि मूठ घट्ट मिटलेली होती. साठ वर्षांचा नियम तिने उघड्या डोळ्यांनी मोडला.

"अजून चार वेळा यायचं आहे, आजी," डॉक्टर म्हणाल्या. "बरं वाटलं म्हणून एकही चुकवायची नाही. आणि आता काहीतरी खा."

"येते. सुनेला नका सांगू, मलाच सांगा तारखा. मी येते." मग ती म्हणाली, "बाय, ते कुत्रं अजून फिरत आसंल. पोरं असत्यात तिकडं."

"पालिकेला मी कळवते," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही घरोघरी सांगा. कुणाला ओरखडा जरी आला असेल तरी साबणाने धुवा आणि त्याच दिवशी या."

"सांगते. दार वाजवून सांगते," मालनबाई म्हणाली, आणि मोहन्यात तिचं दार वाजवणं ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल की हे वचन किती भारी होतं.

खाली आल्यावर रत्नदीपने रिक्षा सुरू केली. पण ती रिक्षाकडे गेली नाही, बोळातून मागे वळली. विनिताही मागोमाग गेली.

ऊन आता तिरकं झालं होतं. स्लॅब तापलेला होता. मालनबाई हळूच गुडघे टेकून बसली, भोकापाशी वाकली. आत फक्त काळोख. चेहरा दिसायची सोयच नव्हती, ना आपला, ना कुत्र्याचा, ना कुणाचा. तिने मूठ उघडली. दाणा घामाने ओला झाला होता. तो तिने भोकातून आत सोडला आणि कान लावला.

किती तरी वेळ काहीच नाही. मग खाली, फार खाली, पाण्याने तो घेतल्याचा बारीकसा आवाज आला.

तिने भोकाला तोंड लावलं. विनिता तिथेच उभी होती, तिला सगळं ऐकू आलं.

"धोंड्या," मालनबाई हळू आवाजात म्हणाली, "नसंल बगायचं तर नको बगू रं. कोन न्हाई रागवत. भ्यालास व्हय? चल. चल, घरी जाऊ."

मग हात वर केला आणि विनिताने तिला धरून उठवलं.

"बिगी बिगी चल," पदराने तोंड पुसत ती सुनेला म्हणाली. "कलश सकाळपास्नं एकटा हाय."